जिन्यावरची तीस सेकंदं

आमच्या टेबलावर पाच माणसं बसतात, आणि त्यातला वकील खराखुरा वकील आहे. नियमांच्या पुस्तकावर बोट ठेवून भांडणाऱ्या खेळाडूला या छंदात जगभर 'रूल्स लॉयर' म्हणतात. आमचे वकीलसाहेब आठवडाभर काळा कोट घालून हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात उभे असतात आणि रविवारी दुपारी तीन वाजता धरमपेठेत माझ्या डायनिंग टेबलाशी येऊन बसतात. बाकी तिघं म्हणजे शाळेत इतिहास शिकवणाऱ्या मॅडम, सदरला औषधाचं दुकान असलेला मेडिकलवाला आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला छोटू. पाचवी मी. बँकेत नोकरी करते आणि टेबलावर डीएम असते. म्हणजे खेळातलं जग मी चालवते आणि उरलेले चौघं त्या जगातलं एकेक पात्र होतात. काय करायचं ते बोलून सांगायचं, होईल की नाही अशी शंका असेल तिथे फासा टाकायचा. टेबलटॉप रोलप्लेइंग म्हणतात ते इतकंच.

चौदा महिने आम्ही एकच मोहीम खेळत होतो, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत. एप्रिलमधल्या एका रविवारी ती मोडायच्या बेताला आली. का मोडतेय याचा माझा पहिला अंदाज साफ चुकला, आणि चूक कळायला तीन वेगळ्या सिस्टिम खेळाव्या लागल्या. कोणती सिस्टिम चांगली असं आमच्या ओळखीतले नवे खेळाडू वरचेवर विचारतात. त्यांना तोंडी सांगून कंटाळले, म्हणून हे लिहून काढलं.

तो रविवार

बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आत कूलरचा घरघराट. खेळातलं प्रकरण असं: एका सावकाराने कर्जापोटी म्हाताऱ्या विणकराची नात आपल्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर कोंडून ठेवली होती. शहर काल्पनिक, पण वाडा मी महालातल्या जुन्या वाड्यांवरून काढला होता. मधे चौक, भोवती ओसरी, आणि एका वेळी एकच माणूस चढेल असा अंधारा जिना. आमची मंडळी रात्री स्वयंपाकघराच्या दारातून आत शिरली. जिन्याच्या डोक्यावर दोन गुंड, त्यातल्या एकाच्या हातात कंदील.

मी म्हटलं, "इनिशिएटिव्ह टाका," आणि व्हाइटबोर्डवर पाळ्या लिहिल्या. वकीलसाहेबांचा फायटर पहिला, मग छोटूचा विझार्ड, गुंड, मेडिकलवाल्याचा क्लेरिक, सगळ्यात शेवटी मॅडमची बार्ड. गाणी म्हणणारी, गोड बोलून कामं काढणारी बाई.

मॅडमची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "कंदीलवाल्याला मी विचारते, भाऊ, तुला किती लेकरं?"

मला प्रश्न फार आवडला. पण मी तोंड उघडायच्या आत वकीलसाहेब बोलले, "बोलणं फुकट आहे मॅडम. पण तुम्ही त्याचं मन वळवून राहिल्या, तर ॲक्शन जाईल. मग स्पेल नाही टाकता येणार."

ॲक्शन म्हणजे एका पाळीत करता येणारं एक मुख्य काम. पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या पुस्तकाप्रमाणे आपल्या पाळीत दोन शब्द बोलायला काही लागत नाही, त्यापुढचं डीएमवर. मी त्या दिवशी काटेकोर व्हायचं ठरवून बसले होते, म्हणून म्हणाले, "हो, ॲक्शन लागेल. पर्सुएजन, डीसी पंधरा." पर्सुएजन म्हणजे मन वळवणं, डीसी म्हणजे गाठायचा आकडा. मॅडमचा बोनस अधिक सात. म्हणजे फाशावर आठ किंवा वर हवे, वीस पैलूंपैकी तेरा, 65 टक्के. पडले चार. बेरीज अकरा.

"तो म्हणतो, गप बस," मी सांगितलं. आणि पाळी पुढे गेली.

मॅडमची पुढची पाळी पस्तीस मिनिटांनी आली. मधल्या वेळात जिन्याच्या कठड्याआड उभं राहिलं तर अर्धा आडोसा धरायचा की पाऊण, यावर पुस्तक उघडलं गेलं. पहिल्यात आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, दोनने वाढतो, दुसऱ्यात पाचने. छोटू चौकटींच्या कागदावर पेन्सिलने रेषा ओढून दाखवत होता. मेडिकलवाल्याने फोनवर दुकानातल्या पोराला दोनदा औषधाचा रॅक समजावून सांगितला. मॅडम चिवड्यातले शेंगदाणे वेचत होत्या.

साडेपाचला थांबलो तेव्हा पाच फेऱ्या झाल्या होत्या. एक फेरी म्हणजे खेळातली सहा सेकंदं. दोन तास दहा मिनिटं बसून आम्ही तीस सेकंदं जगलो होतो. एक गुंड पडला होता, कंदीलवाला उभा होता, नात वरच. मी बोर्डाचा फोटो काढून ठेवला, कारण सोमवारी त्यावर माझी मुलगी गणितं करते.

रात्री मॅडमचा मेसेज आला. "पुढच्या रविवारी मी येत नाही आहे. तुम्ही खेळा." खाली जोडलेले हात.

माझा पहिला तर्क

तर्क सोपा होता: वकीलसाहेब जास्त बोलतात. मेडिकलवाल्याचंही तेच म्हणणं. "त्यांना कोणी समजावून सांगत काहून नाही? सगळं कोर्टासारखंच करून राहिले." मीच फोन केला. वकीलसाहेब थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तुम्ही पुस्तक दिलं, मी वाचून येतो. तोच माझा गुन्हा? मॅडमचा स्पेल वाया जाऊ नये म्हणून बोललो मी." आवाजात दुखावलेपण होतं आणि ते खोटं नव्हतं.

छोटू प्रत्येक सेशन फोनवर रेकॉर्ड करतो, सारांश लिहायला. त्या आठवड्यात बँकेत जाता-येता मेट्रोत मी ते रेकॉर्डिंग ऐकलं. अर्धं कूलरच ऐकू येतो. पण एक गोष्ट कानाला खटकली आणि मग खटकतच राहिली. सगळे प्रश्नच विचारत होते. मी उडी मारू शकतो का? इथून तो दिसतो का? मला ॲक्शन उरली आहे का? त्याच्या मागे जाता येते का? दोन तास चार मोठी माणसं माझ्याकडे परवानगी मागत होती. वकीलसाहेबसुद्धा, फक्त ते परवानगी माझ्याऐवजी पुस्तकाकडे मागत होते. आणि "मी त्याला विचारते" हे त्या दुपारचं बहुधा एकमेव सरळ वर्तमानकाळी वाक्य, त्याला आम्ही दोघांनी मिळून ॲक्शनची किंमत लावली.

मग पुस्तकाकडे नव्याने पाहिलं. बँकेतली सवय, पैसा कशावर जातो ते आधी बघायचं. पाचव्या आवृत्तीत अनुभवाचे गुण प्रामुख्याने शत्रूला हरवण्याचे मिळतात. संकट टाळल्याबद्दल किंवा टप्पा गाठल्याबद्दलही देता येतात, पण ते डीएमच्या मर्जीवर. पात्राच्या स्वभावाला धरून खेळलं तर मिळणारं नाव घेण्याजोगं बक्षीस एकच, इन्स्पिरेशन, म्हणजे एका रोलला दोन फासे टाकून चांगला घ्यायचा. ते मी चौदा महिन्यांत दोनदा दिलं होतं. तो पुस्तकाचा दोष नाही, माझा आहे. पण पात्राच्या बहुतेक शक्ती लढाईत कामी येणाऱ्या, आणि नियमांची सगळ्यात दाट पानं लढाईचीच. हे कुठून आलं तेही उघड आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 1974 मध्ये हा खेळ काढला तो छोट्या बाहुल्यांच्या युद्धखेळांतून. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचे मध्ययुगीन लढायांचे नियम, चेनमेल, त्याच्या तीन वर्षं आधीचे. जिना अडवून उभे असलेले दोन गुंड हे त्या घराण्याला घरच्यासारखे वाटणारच.

यात वाईट काही नाही. छोटू तिसऱ्या लेव्हलपासून फायरबॉल या आगीच्या मंत्राची वाट बघत होता आणि पाचव्या लेव्हलला तो मिळाला त्या दिवशी त्याने सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घातले. असा आनंद मला दुसऱ्या कुठल्या खेळात दिसलेला नाही.

मी मॅडमना भेटून एक प्रस्ताव ठेवला. तीन रविवार. तोच वाडा, तोच जिना, तीच नात, हीच माणसं. नियम मात्र दर वेळी वेगळे. "तीनच," मॅडम म्हणाल्या.

खर्च नगण्य आला, हे मुद्दाम सांगते, कारण परदेशी पुस्तकांच्या किमती बघून लोक आधीच माघार घेतात. डंजन वर्ल्डचे नियम आणि ब्लेड्स इन द डार्कचा पायाभूत मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यात मोकळा आहे, कॉल ऑफ कथुल्हूची क्विक-स्टार्ट पुस्तिका प्रकाशक फुकट देतो. 2023 च्या जानेवारीत परवान्यावरून मोठा गदारोळ झाल्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचाही मूळ नियमसंच त्याच परवान्यात आला. ब्लेड्सला तर सहा पैलूंचे साधे फासे पुरतात, आणि इजा मोजणं सोडलं तर डंजन वर्ल्डलाही. आम्ही सापशिडीच्या डब्यातले घेतले.

करून पाहतो

पहिला रविवार कॉल ऑफ कथुल्हूचा. सँडी पीटरसन यांनी 1981 मध्ये काढलेला भयकथांचा खेळ, आम्ही सातवी आवृत्ती घेतली. त्याचा नेहमीचा काळ 1920 चं दशक, म्हणून मी वाडा सरळ 1923 च्या नागपुरात, झेंडा सत्याग्रहाच्या दिवसांत नेला. मॅडम आल्या त्या तयारी करूनच. शहर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी, एम्प्रेस मिलचा भोंगा, सत्याग्रहींची धरपकड, सगळं त्यांनीच रंगवलं. मी फक्त सावकार आणि त्याच्या तळघरातलं काहीतरी पुरवलं.

इथे प्रत्येक कौशल्याला टक्के असतात आणि शंभरातला आकडा त्याच्या आत पडावा लागतो. वकीलसाहेबांनी वकीलच घेतला. हिट पॉइंट, म्हणजे पात्राला सोसता येणारी इजा, अकरा, आणि ते पुढे लेव्हलबरोबर वाढत नाहीत. सावकाराच्या माणसाकडे रिव्हॉल्व्हर, दहा पैलूंच्या एका फाशाइतकी इजा. अकराच्या निम्मे किंवा जास्त, म्हणजे सहा किंवा वर एकाच गोळीत गेले की ती गंभीर जखम. हे वाचून वकीलसाहेब चष्मा काढून म्हणाले, "आपण जिन्याने जायचंच काहून?"

चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी हा प्रश्न विचारला होता.

जिन्याशी कोणी गेलंच नाही. मेडिकलवाल्याचा डॉक्टर सावकाराच्या आजारी आईला तपासायच्या निमित्ताने पुढच्या दाराने आत गेला. इतरांनी जुनी खतावणी शोधायला घेतली. आणि तिथे माझी चूक झाली. गहाणखत एका पेटीच्या दुहेरी तळात होतं, आणि ते दिसायला स्पॉट हिडन, म्हणजे लपलेलं हेरायचं कौशल्य, हवं. नवख्याला ते 25 टक्के असतं. तिघांनी टाकले, तिघंही चुकले, गोष्ट जागच्या जागी थिजली. नियम पुश करू देतो, म्हणजे जादा जोर लावून पुन्हा टाकायचं, पण चुकलं तर वाईट काहीतरी होणार. पुश केलेला रोलही चुकला, चिमणी उलटली, खतावणी पेटली. देखावा झक्क झाला, पण पुढे जायची वाट जळून गेली. एकमेव धागा रोलच्या मागे लपवू नये हा या खेळातला जुना धडा. रॉबिन लॉज यांची गमशू पद्धत, 2008 च्या ट्रेल ऑफ कथुल्हूमध्ये वापरलेली, याच दुखण्यावरचं औषध आहे: योग्य ठिकाणी योग्य कौशल्य घेऊन गेलात की मूळ धागा मिळणारच, फासा लागत नाही. मला हे माहीत होतं. तरी केलं.

शेवटी तळघरात मॅडमच्या पात्राने जे पाहिलं त्यात तिची सॅनिटी, म्हणजे मनाचा तोल मोजणारा आकडा, एका झटक्यात सहाने गेली. पाच किंवा जास्त गेली की बुद्धीचा रोल टाकायचा, आणि गंमत ही की त्यात यश आलं तर तात्पुरतं वेड लागतं. ज्याला कळलंच नाही तो वाचतो. मॅडमना यश आलं. "समजलं म्हणून वेडी झाले मी," त्या म्हणाल्या आणि घरी जाईपर्यंत तेच म्हणत होत्या.

छोटूने जाताना विचारलं, "ताई, यात लेव्हल नाहीच का?" नाही. यशस्वीपणे वापरलेल्या कौशल्याला खूण करायची, नंतर शंभरात त्याच्याहून मोठा आकडा पडला तर ते वाढतं. जितकं जास्त येतं तितकं पुढचं शिकणं अवघड. मला हा नियम आयुष्याला धरून वाटतो. छोटूला तो अन्याय वाटला.

रेकॉर्डिंग ऐकलं. वाक्यं बदलली होती. दार उघडून पाहतो. कान लावून पाहते. विचारून पाहू. आपल्या भाषेत ही सोय आहे की 'पाहणे' जोडलं की प्रयत्नाबरोबर त्याची भीतीही वाक्यात येते. बहुधा मरणार आहोत हे कळलेली माणसं असंच बोलतात.

करतो

डंजन वर्ल्ड 2012 चं, पण त्याचं इंजिन व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या 2010 च्या अपॉकलिप्स वर्ल्डचं. दोन साधे फासे, अधिक आपला गुण. दहा आणि वर, काम झालं. सात ते नऊ, झालं पण किंमत मोजून. सहा आणि खाली, आता डीएम काय करेल ते बघा. डीएम स्वतः हल्ल्यासाठी किंवा यशासाठी फासा टाकतच नाही. गुण अधिक एक असेल तर 36 पैकी 16 वेळा मधला निकाल येतो आणि चोख यश फक्त 10 वेळा. म्हणजे यंत्रच असं जुळवलंय की सगळ्यात जास्त वेळा हो, पण.

या खेळात मूव्हचं, म्हणजे नियमात बांधलेल्या कृतीचं, नुसतं नाव घेऊन चालत नाही, कृती सांगावी लागते. वकीलसाहेब म्हणाले, "हॅक अँड स्लॅश करतो." मी विचारलं, म्हणजे हाताने नेमकं काय करता? ते थांबले. मग म्हणाले, "उजव्या हाताने कठडा धरतो, दोन पायऱ्या चुकवून तिसरीवर पाय देतो आणि खालूनच त्याच्या घोट्यावर वार करतो." टेबल गप्प. या माणसाला असं बोलता येतं हे आम्हाला ठाऊक असायला हवं होतं. पोटासाठी तो रोज तेच करतो.

आणि मग मॅडम. त्याच जिन्यावर, त्याच कंदीलवाल्याला, तोच प्रश्न. "भाऊ, तुला किती लेकरं?"

इथे मन वळवायच्या मूव्हला पार्ली म्हणतात, आणि ती सुरू व्हायला हातात काहीतरी लागतं, समोरच्याला हवं असलेलं किंवा गरजेचं. म्हणजे त्याला काय हवंय हे मला माहीत असणं भाग होतं. एप्रिलमध्ये कंदीलवाल्याला नुसते हिट पॉइंट होते. मी तिथल्या तिथे ठरवून सांगितलं, "दोन. सावकाराने तीन महिन्यांचा पगार दाबून ठेवलाय."

"तुझा पगार मी देते. बाजूला हो."

फासे पडले पाच आणि दोन, अधिक एक, आठ. सात ते नऊला तो तयार होतो, पण खरेपणाची ठोस खूण आत्ताच्या आत्ता मागतो. मी म्हटलं, तो कंदील वर धरून तुमच्या तोंडाकडे बघतोय. मॅडमनी काही न बोलता नाकाला हात लावला, नथ काढल्यासारखी केली आणि टेबलावर माझ्यासमोर रिकामी मूठ उघडली. त्या नथीबद्दल सात-आठ महिन्यांपूर्वी एकदा बोलणं झालं होतं, बार्डच्या आईची. मी विसरले होते.

कंदीलवाला बाजूला झाला. जिन्यावर लागलेला वेळ बारा मिनिटं.

"एवढ्यात?" वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा वार होऊन गेला होता, पण जिंकायचं काही उरलं नव्हतं, आणि ते खरंच हिरमुसले.

मेडिकलवाल्याला इथे वेगळंच काही सापडलं. सहा किंवा खाली पडलं की अनुभवाचा एक गुण मिळतो. चौदा महिने हा माणूस चुकायला घाबरून पाळी आली की "मी मागेच उभा राहतो" म्हणायचा. त्या दिवशी पाच पडल्यावर त्याने शीटवर खूण केली आणि खुशीत मान डोलावली.

माझ्या बाजूने मात्र कबुली द्यायला हवी. प्रत्येक 'हो, पण' मधला पण मला पुरवावा लागतो. पहिला तास सुचत गेलं. दुसऱ्या तासाला तलवार निसटणे, पाय घसरणे, कोणीतरी आवाज ऐकणे, यापलीकडे डोकं चालेना. सात वाजता माझ्याकडे पण शिल्लक नव्हता. या सिस्टिमला हलकी म्हणतात, आणि खेळाडूंना ती आहेही. ओझं नाहीसं होत नाही, खुर्ची बदलतं.

करून ठेवलं होतं

जॉन हार्पर यांचं ब्लेड्स इन द डार्क, 2017. चोरांच्या टोळीचा खेळ. वाडा फोडायचा म्हटल्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये आमचा एक अख्खा रविवार नकाशे काढण्यात गेला होता. इथे तयारीची चर्चा जवळपास बंद. कोणत्या प्रकारचा डाव टाकणार आणि त्याचा एक तपशील सांगायचा, एक रोल, की थेट वाड्यात. सोबत काय आणलं तेही लागेल तेव्हा सांगायचं. तयारी करायची असेल तर ती मागे जाऊन करायची, फ्लॅशबॅकने. साधी असेल तर फुकट, गुंतागुंतीची असेल तर एक ताण, फारच जमवाजमव असेल तर दोन किंवा जास्त. ताणाची घरं नऊ.

जिन्याखाली पोचल्यावर मॅडम म्हणाल्या, "मी परवाच कंदीलवाल्याच्या घरी जाऊन आले होते. त्याच्या लेकराला ताप होता. औषध देऊन ठेवलं होतं."

पूर्णभूतकाळ! रेकॉर्डिंग ऐकताना मला हसू फुटलं. शेजारच्या सीटवरच्या काकूंनी वळून पाहिलं. त्या दिवशी सगळे तसंच बोलत होते: दोर बांधून ठेवला होता, कुत्र्याला आधीच मटण टाकलं होतं, किल्लीचा साचा मागच्या आठवड्यातच काढला होता.

पण हा रविवार वकीलसाहेबांचा होता. कृती कोणती ते खेळाडू ठरवतो. प्रसंग किती धोक्याचा, त्याला पोझिशन म्हणतात, आणि फळ किती मोठं, तो इफेक्ट, हे दोन्ही डीएम सांगते. पण सांगून झाल्यावर त्यावर बोलायला पुस्तकाचीच मुभा आहे. फासा त्यानंतर. मी म्हटलं, पोझिशन रिस्की, म्हणजे मधल्या धोक्याची; त्याहून सुरक्षित ती कंट्रोल्ड. वकीलसाहेब सावरून बसले.

"मॅडम डीएम, माणूस पेंगून राहिला आहे. वारा आमच्या बाजूने नाही, म्हणजे वासही जात नाही. पायात जोडे नाहीत. कंट्रोल्ड म्हणायला काय हरकत?"

"वकीलसाहेब, त्याच्या हातात कंदील आहे," शाळेतल्या मॅडम म्हणाल्या. "उजेडात तुम्ही आधीच दिसाल."

"मान्य. मग मी उजेड टाळून भिंतीला धरून जातो, वेळ जास्त लागला तरी चालेल."

अशी त्यांची दोघांची जुगलबंदी पाच-सात मिनिटं चालली आणि त्यात पुस्तकाचं एक पान उलटलं गेलं नाही. वाद तोच, माणूस तोच. एप्रिलमध्ये तो वाद गोष्टीच्या बाहेर उभा राहून चालला होता, इथे तो गोष्टीतच होता. रॉन एडवर्ड्स यांच्या वर्गवारीत खेळाडूंचे तीन कल सांगतात: कोणाला आव्हान जिंकायचं असतं, कोणाला कथेतला पेच हवा असतो, कोणाला त्या जगात खरेपणाने वावरायचं असतं. मी वकीलसाहेबांना डोळे मिटून पहिल्या खणात टाकलं होतं. त्यांना जिंकण्याशी फारसं घेणंदेणं नव्हतंच. त्यांना युक्तिवाद करायचा होता, आणि कोणीतरी त्याला तोलामोलाचं उत्तर द्यायला हवं होतं.

मेडिकलवाल्याने तर कमाल केली. या खेळात डेव्हिल्स बार्गेन आहे: एक फासा जादा घ्या, त्याबदल्यात एक भानगड पत्करा. ही ऑफर टेबलावरचा कोणीही देऊ शकतो. वीस वर्षं काउंटरमागे उभं राहिलेला माणूस तो. "घ्या एक फासा वर. पण तुमचा रुमाल तिथेच पडते." प्रत्येक रोलला त्याच्याकडे माल तयार.

दोन फाशांत वरचा बघायचा, सहा आला तर पूर्ण यश, म्हणजे 36 मध्ये 11 वेळा. चार-पाचला यश, पण भुर्दंड, 16 वेळा. आकडे डंजन वर्ल्डपेक्षा फार निराळे नाहीत. वागणं निराळं होतं, कारण 'पण' काय असणार याचा बराचसा अंदाज फासा टाकायच्या आधीच टेबलावर येऊन गेलेला असायचा, आणि तो एकट्या माझ्या डोक्यातून काढावा लागत नव्हता.

नात सुटली. तिसऱ्यांदा.

जे मी पाहिलं नव्हतं

इथे प्रकरण संपलं असतं तर मी ब्लेड्सचा प्रचार करत फिरले असते. पण तिसरं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकल्यावर लक्षात आलं की दीड तास छोटूचा आवाजच नाही. शेवटी एकदा येतो, "चहा ठेवू का ताई?" एवढंच. एप्रिलमध्ये मॅडम शेंगदाणे वेचत होत्या. जूनमध्ये त्याच खुर्चीत छोटू बसला होता आणि मी खुशीत होते.

विचारल्यावर आधी काही नाही म्हणाला. मग म्हणाला, "मला आधी सगळं माहीत पाहिजे ताई. फायरबॉल वीस फुटांचा आहे, म्हणजे वीस फुटांचाच. इथं मी काहीही बोललो की तुम्ही सगळे मिळून ठरवून राहिले ते किती मोठं झालं. मला बोलता येत नाही यांच्यासारखं."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वकील, शिक्षिका आणि दुकानदार, तिघंही जिभेवर पोट भरणारे. त्यांच्यात एकोणीस वर्षांच्या पोराला चौकटींचा कागद आणि छापील आकडा हाच आधार होता. ज्या नियमांनी मॅडमचा प्रश्न अडवला, तेच नियम छोटूची बाजू घेऊन बोलत होते. बोलका माणूस आणि अबोल माणूस यांना एका रेषेवर आणण्याचं काम जाड पुस्तक करतं, हे मला चौदा महिने डीएम असून कळलं नव्हतं. मी तक्रार करणाऱ्या खेळाडूसाठी तीन रविवार काढले आणि तक्रार न करणाऱ्याला त्यात मोजलंच नाही.

सध्या दोन टेबलं आहेत. एका रविवारी माझ्याकडे ब्लेड्स, मॅडम, वकीलसाहेब आणि मेडिकलवाला. दुसऱ्या रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स, आणि डीएम छोटू. तिथे मी पहिल्यांदाच खेळाडू आहे, वकीलसाहेब आणि मेडिकलवाला आहेत, शिवाय छोटूच्या कॉलेजची दोन मुलं. मॅडम त्या टेबलावर येत नाहीत आणि कोणी त्यांना आग्रह करत नाही. छोटू पोर कडक आहे. पहिल्याच दिवशी त्याने जाहीर केलं की लढाईत एक वाक्य बोलायला ॲक्शन लागणार नाही, आणि ऐकणाऱ्याने ऐकायचं की नाही ते त्याच्या परिस्थितीवरून तो ठरवेल. वकीलसाहेबांनी विचारलं, अपील? "नाही," छोटू म्हणाला. वकीलसाहेबांनी वहीत लिहून घेतलं.

जुनी मोहीम तशीच थांबली आहे. तिथली नात अजून वरच्या मजल्यावर आहे. सुटल्या त्या बाकीच्या तिघी. मारबतीच्या मिरवणुकीत महालात मॅडम भेटल्या, गर्दीत एकमेकींचं ऐकू येत नव्हतं, तरी त्यांनी कानाशी येऊन विचारलं, "त्या पोरीचं काय?" दिवाळीच्या सुट्टीतला एक रविवार पाचही जणांनी राखून ठेवलाय. कंदीलवाल्याला आता दोन लेकरं आहेत, ते मी त्याच्या हिट पॉइंटशेजारी लिहून ठेवलं. बोर्डाचा फोटो फोनमध्ये आहे. मधे मोठा करून पाहिला. सहावी फेरी, आणि पाळी वकीलसाहेबांची.